वरचा जोड

सोमवारी सकाळी गाडीत बसलो, टाच खाली टेकवली आणि चपलेच्या कडेवरून गार पाणी पायाला लागलं. पाणी फार नव्हतं, अर्धवट पिळलेल्या पायपुसण्यात राहील तेवढंच. पण वर छप्पर, चारी काचा चढवलेल्या, दारं कुलूपबंद, आणि आत पाणी. दुसरा कोणी असता तर त्याने चटई उन्हात टाकली असती आणि तो कामाला लागला असता. मी मात्र खाली उतरलो, दार उघडं टाकून उभा राहिलो, आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की हे कोणी केलं? काय झालं, हा प्रश्न मला आधी सुचतच नाही. उभं आयुष्य मी विमा कंपन्यांसाठी आपटलेल्या गाड्या तपासण्यात घालवलं. लोक गाडी घेऊन येतात आणि गाडीबरोबर एक गोष्ट घेऊन येतात. कुत्रं आडवं आलं म्हणतात आणि बंपरला भिंतीचा चुना चिकटलेला असतो. गाडी उभी होती, कोणीतरी ठोकून गेलं म्हणतात आणि ठोकर पुढून बसलेली असते. गोष्ट आणि गाडी जुळते का ते पाहायचं, एवढंच माझं काम. बहुतेक वेळा जुळत नाही. त्यामुळे झालंय असं, की बायकोने दूध नासलं म्हणून सांगितलं तरी मी पातेल्यात डोकावतो. ती म्हणते, तुम्हाला जन्माचा दाखला दाखवला तरी तुम्ही आधी शिक्का खरा आहे का ते बघाल. त्यात खोटं काही नाही.

तर पाणी. पहिला संशय गाडी पुसणाऱ्यावर. त्याने मुलांच्या शपथा घेतल्या, आणि शपथा घेणाऱ्यावर माझा विश्वास निम्म्याने कमी होतो. पण त्याच्याकडे गाडीची किल्ली नव्हती. मग आईची पाण्याची बाटली. आई गाडीत बसली की मांडीवर बाटली घेऊन बसते आणि तिचं झाकण कधी नीट लागत नाही. पण आई बसते शेजारच्या सीटवर, पाणी माझ्या पायाशी. तिने मुद्दाम हात लांब करून ओतलं असेल असा विचारसुद्धा माझ्या डोक्यात येऊन गेला, लपवत नाही. मी बोट बुडवून वास घेतला. खिडकीतून बायको ओरडली, "आता चव पण बघा!" शेवटी तिलाच गाडीत बसवलं, दारं लावली आणि नळाला पाइप लावून टपावरून पाणी सोडलं. थोड्या वेळाने तिने आतून काच वाजवली. "वरून येतंय. आरशाच्या मागून. मग काचेच्या कडेच्या ह्या दांडीवरून ओघळत खाली." म्हणजे पुढच्या काचेचं रबर. गाडी जुनी आहे, बाबांची. तिच्या काचेभोवती जाड काळं रबर आहे आणि रबरात बसवलेली चकचकीत पट्टी. मी पट्टीवरून नख फिरवलं. ती वरच्या बाजूला मधोमध किंचित उचललेली होती. इतकी वर्षं इतरांच्या गाड्यांवर नख फिरवलं आणि आपल्या गाडीवर कधी फिरवलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

रात्री जेवताना मी म्हणालो, "काचेचं रबर गेलंय. बदलायला लागेल."

आईचा हात ताटात थांबला. क्षणभरच, पण माणसांचे हात कधी थांबतात ते बघण्याचेच मला पैसे मिळतात.

"कशाला?" ती म्हणाली. "फडकं टाक खाली. वाळतं ते."

"वाळतं हे तुला काय माहीत?"

"पाणी आहे. वाळणारच. तेल आहे का ते?"

बायको हसली. मी हसलो नाही.

"रबरासाठी काच काढतात का रे?" आईने विचारलं.

"काढावीच लागते."

"सगळी?"

"अर्धी कशी काढतील?"

ती ताटातलं तसंच टाकून उठली, पोट भरलं म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी मी किल्ली उचलली तर ही दारात तयार, हातात पाकीट, पायात चपला. "मी पण येते." जिला डॉक्टरकडे न्यायचं तर आदल्या दिवसापासून मिनतवाऱ्या कराव्या लागतात, ती काचवाल्याकडे यायला तयार! मी का म्हणून विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. वाटेत मी तिच्याकडे न बघता बघत होतो. ती रस्ता बघत नव्हती, काच बघत होती. कपाळावरची जुनी खूण झाकण्यासाठी केस पुढे ओढायची तिची सवय आहे. कधीतरी कपाटाचं दार लागलं होतं तिथे. त्या दिवशी सिग्नलला थांबलो की दर वेळी तिचा हात केसांकडे जात होता.

बाबांनी जन्मभर टाइपरायटर दुरुस्त केले. टाइपरायटर संपले तेव्हा सुटे भाग भरलेले पत्र्याचे डबे घेऊन ते घरी बसले, आणि हात रिकामे राहू नयेत म्हणून ही गाडी घेतली, तेव्हाही सेकंडहँडच. मी आणि बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होतो. बाबांची नजर अधू होत चाललेली मला दिसत होती. पेल्याच्या बाजूला पाणी ओतायचे आणि पेला हलला म्हणायचे. मी भांडलो नाही. मी फक्त एक नियम घालून दिला होता, की गाडीला एक जरी ओरखडा दिसला तर किल्ली माझ्याकडे. नियम सरळ होता, वाद घालायला जागा नव्हती. मग मी त्यांच्याकडे गेलो की आधी गाडीभोवती एक फेरी मारायचो, खाली वाकून कडा बघायचो आणि मग घरात जायचो. धंद्याची सवय. गाडी नेहमी आरशासारखी स्वच्छ असायची. आणि एके दिवशी त्यांनी आपण होऊन किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "घे. कंटाळा आला." मला वाटलं, आपलं म्हणणं पटलं अखेर. घरी येऊन बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलंही. पुढे काही महिन्यांत ते झोपेतच गेले. आई आमच्याकडे आली आणि तिच्या ट्रंकेबरोबर ही गाडीही आली.

काचवाल्याचं दुकान एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये होतं. भिंतीला टेकवून काचा उभ्या केलेल्या, छताला रबराची भेंडोळी टांगलेली, जमिनीवर साबणाच्या पाण्याची ओल आणि सगळीकडे तापलेल्या रबराचा वास. काचवाला मला ओळखतो. शहरातले सगळेच गॅरेजवाले ओळखतात. मला बघितलं की त्यांचे आवाज बदलतात, खुर्ची पुसली जाते, बिलाचा कागद खिशात जातो. त्याने आईसाठी बाकड्यावर पोत्याची घडी टाकली आणि स्वतः कामाला लागला. त्याचा माणूस सुट्टीवर होता. आधी वायपर काढले, मग चकचकीत पट्टी रबरातून सोलून काढली आणि तो एकदम थांबला.

"साहेब, ही काच कधी बदललीत?"

"बदललेली नाही. मूळचीच आहे."

तो हसला. मग मी कोण आहे हे आठवून हसू आवरलं. काचेच्या खालच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा एवढासा ठसा असतो. त्याने त्यावर बोट ठेवलं. बाजूच्या काचांवर एक ठसा होता आणि ह्या काचेवर दुसराच. इतरांच्या गाडीजवळ गेलो की मी सगळ्यात आधी तो ठसा बघतो. मी वाकून बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. मग वळून आईकडे बघितलं. ती पाकिटाची चेन उघडत होती आणि लावत होती.

"रबर पण तुकडा कापून जोडलंय," काचवाला म्हणाला. "आणि जोड बघा कुठे ठेवलाय, वर! जोड कायम खाली ठेवायचा असतो. पाणी वरून येणार ना साहेब? वर जोड ठेवला की आज ना उद्या गळणारच. हे काही गॅरेजचं काम नाही. घरी केलंय कोणीतरी. या शहरात कुठे झालं असतं तर मला कळलं असतं. आणि मला कळलं असतं तर तुम्हाला लगेच फोन नसता केला का? तुमची गाडी म्हणजे काय चेष्टा आहे?"

तो पात्याने रबर कापत गेला. वरच्या जोडाजवळ त्याने आत बोट घातलं आणि काहीतरी ओढून काढलं. वीतभर दोरी. काळी, चपटी, घट्ट विणलेली. "अर्धी आत तुटून राहिली," तो म्हणाला आणि ती खाली टाकून पुढे सरकला. मी ती उचलली. लहानपणी मी ही दोरी बोटाला गुंडाळून बोट निळं करून घेत असे. टाइपरायटरचा वरचा गाडा ओढणारी ही दोरी. बाबा तिची गुंडी बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे आणि म्हणायचे, हिच्याइतकं चिवट जगात काही नाही. मी दोरी मुठीत धरली. आई माझ्या मुठीकडे बघत होती. मी बघतोय हे लक्षात आल्यावर ती समोरच्या भिंतीवरच्या काचा बघायला लागली.

काच आपोआप बदलावी लागत नाही, ती फुटावी लागते. आणि दगड उडून काच फुटली असती तर बाबांनी दुसऱ्या मिनिटाला फोन करून सांगितलं असतं, दगड उडाला, माझी चूक नाही, तुझा नियम लागू होत नाही. लपवायचं काय होतं त्यात? लपवलं म्हणजे दगड नव्हता. आणि मग मला तो फोन आठवला. आठवला म्हणजे इतका स्पष्ट, की कुठल्या हातात रिसीव्हर होता तेही. बाबा कधी कामाबद्दल विचारत नसत. त्या दिवशी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, "समज, एखाद्याला उडवून गाडी निघून गेली, तर अशा गाडीचा पत्ता लागतो का रे?" त्या दिवसांत शहराबाहेरच्या रस्त्यावर एक सायकलवाला मरून पडलेला सापडला होता. गाडी कोणाची ते कधीच कळलं नाही. मला वाटलं होतं, त्यांनी पेपरात वाचलं असेल. मी ऐटीत सांगितलं होतं, "लागतोच. आज ना उद्या लागतोच." त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला होता. त्याच सुमारास ते पहाटे लांब फिरायला जायला लागले होते. ज्यांनी कधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा पायी जायचं नाव काढलं नव्हतं, ते तासन्‌तास चालायचे. डॉक्टरांनी सांगितलंय, असं आई म्हणायची. कुठल्या डॉक्टरांनी, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

काचवाल्याने आतून दोन्ही पाय लावून काच बाहेर ढकलली आणि उचलून भिंतीला लावली. गाडीला पुढे आता नुसतं भोक होतं. काच फुटली म्हणजे माणूस बॉनेटवरून वर आला असणार, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? तसं असेल तर बॉनेट सांगेल, दिव्याची कड सांगेल, वायपरचं बूड सांगेल. चार पावलं पुढे जाऊन बघायचं होतं. मी बघितलं नाही. मी गाडीकडे पाठ केली आणि आईशेजारी बाकड्यावर जाऊन बसलो. दर भेटीत गाडीभोवती मारलेल्या फेऱ्या आठवायला लागलो. ज्या फेरीत अख्खी काच बदललेली दिसली नाही, त्या फेरीत आणखी काय काय सुटलं असेल? पोचा काढून रंग देणारे असे असे कारागीर मी पाहिलेत, की बोट फिरवूनही कळत नाही. आणि बाबांचा हात तर त्यांच्याहून बारीक.

"आई, बाबांनी काच कधी बदलली?"

"मला काय कळतं त्यातलं?"

"कधी बदलली एवढंच विचारतोय."

"बदलली असेल. ते काही ना काही करत बसायचे. मी कुठे बघायला जात होते?"

"एकट्याने केलं?"

"असेल."

"काच एकट्याला उचलत नाही."

"मग असेल कोणी सोबत."

सगळी उत्तरं गुळगुळीत. खरं बोलणारा माणूस अडखळतो, मध्येच म्हणतो नाही नाही, त्याच्या आधी असं झालं. आईची वाक्यं कधीपासून घडी घालून ठेवल्यासारखी निघत होती. मला तिची भीती वाटली. रोज माझ्या घरात जेवणारी, माझ्या शर्टांची बटणं लावणारी ही बाई, हिला माहीत आहे. हिने एका मेलेल्या माणसाबद्दल माहीत असून आमच्या घरी टीव्ही बघितला, चहात साखर कमी म्हणून तक्रार केली. मला सायकलवाल्याचं नाव आठवेना. पेपरात होतं. त्याची बायको असेल, पोरं असतील. आणि बाबा ज्या हातांनी मला पेन धरायला शिकवत होते ते हात... मी विचार तिथेच तोडला. तोंडात रबराची चव आली होती.

"साहेब, जरा आत बसता का?" काचवाल्याने हाक मारली. त्याने चौकट घासून गंज काढला होता, जुनीची कड काढताना टवकली म्हणून नव्या काचेवर नवं रबर चढवलं होतं आणि रबराच्या आतल्या खाचेत सगळीकडून दोरी फिरवून तिची दोन्ही टोकं खालच्या बाजूला सोडली होती. "माणूस नाही ना आज. मी बाहेरून काच बसवून थोपटतो. तुम्ही आतून दोरी ओढत चला. दोरी निघेल तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाईल. सोपं आहे."

मी आत बसलो. त्याने काच बाहेरून टेकवली, साबणाचं पाणी मारलं आणि तळहाताने थापटायला लागला. मी दोरी ओढली. रबराची कड वळली, दुमडली आणि परत आत गेली. "हळू, साहेब." मी हळू ओढली. दोरी एकदम वीतभर निसटली आणि रबर होतं तिथेच राहिलं. त्याने काच उतरवली, दोरी पुन्हा भरली, तोंडाने "होतं होतं" म्हणत होता पण कपाळावर आठी होती. दुसऱ्यांदा मी दात आवळून ओढली.

"तसं नाही रे!"

आई बाकड्यावरून उठून उभी राहिली होती.

"स्वतःकडे ओढतोयस तू. काचेला धरून ओढ, काचेच्या मध्याकडे. आणि ते थोपटतील तेवढंच ओढायचं. पुढे पळायचं नाही."

काचवाल्याचे हात थांबले. "आजी, तुम्ही कुठे शिकलात हे?"

आई माझ्याकडे बघत होती. चोरी पकडली गेल्यावर माणसं तीन-चार तऱ्हांनी बघतात, त्या सगळ्या मला पाठ आहेत. ही त्यातली नव्हती. ती दमलेली दिसत होती.

"ऊठ," ती म्हणाली. पाकीट माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन बसली, ड्रायव्हरच्या नाही, शेजारच्या सीटवर, आणि वाकून दोरीची दोन्ही टोकं अशी हातात घेतली, की काचवाला बाजूला सरकला. "साहेब, तुम्ही त्या बाजूने दाबून धरा," एवढंच मला म्हणाला. मी बाहेरून, बॉनेटच्या अंगाने उभा राहिलो. आमच्या मध्ये काच होती आणि तिच्या बाजूचं दार उघडं होतं.

"हे पण असेच बाहेरून थोपटत होते," आई दोरीकडे बघत म्हणाली. "मी म्हटलं मुठीने नको, तळहाताने थोपटा, अजून एक फुटायची."

"कधी?"

"तू थोपट. हात थांबवू नकोस, रबर सुटतं."

मी थोपटायला लागलो. दोरी तिच्या बोटांतून सावकाश निघत होती आणि तिच्यामागे रबराची कड पत्र्यावर चढत होती.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडून येत होतो. तुला न सांगता गेलो होतो. माझ्या हातातून चष्म्याचं घर पडलं. पट्ट्याने वाकता येईना, म्हणून पट्टा सोडला, वाकले, आणि ह्यांनी करकचून ब्रेक मारला. मी वर येतेय तोवर डोकं इथे." तिने दोरी न सोडता हनुवटीनेच काच दाखवली. "काचेला एवढा मोठा तारा पडला. कपाट कुठलं आणि दार कुठलं."

मी तिच्या कपाळाकडे बघितलं. केस बाजूला झाले होते. आतून फुटलेली काच आणि बाहेरून फुटलेली काच यांवर मी तरुण सर्व्हेअरांना व्याख्यानं देतो. आणि सकाळपासून मी बाहेरचा माणूस शोधत होतो.

"का मारला ब्रेक?"

"माणूस आला म्हणाले. आडवा आला, लागला. मी म्हटलं, अहो, कोणी नाही. माझ्या डोळ्यांत रक्त येत होतं. हे खाली उतरले आणि गाडीखाली वाकून बघत राहिले, इकडून, तिकडून. गवतात जाऊन आले. रस्ता रिकामा होता रे."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "पण तू तर वाकली होतीस. तुला रस्ता कसा दिसला?"

आईची बोटं थांबली.

"हे पण हेच विचारायचे," ती म्हणाली. "शेवटपर्यंत. तू वाकली होतीस, तुला काय दिसलं?"

काचवाल्याने घसा खाकरला. दोरी पुन्हा चालायला लागली आणि आई सांगत गेली. तो सायकलवाला आधीच्या आठवड्यातला, रस्ताही वेगळा, तिने तारखेसकट पेपर काढून दाखवला होता, तरी बाबांना पटलं नव्हतं. रोज पहाटे ते त्या रस्त्यावर चालत जायचे आणि वाटेतल्या माणसांना विचारायचे, इथे कोणाला लागलं होतं का. दूरच्या गावातल्या भंगारवाल्याकडून त्यांनी काच आणि रबर आणलं होतं. इथे कोणाकडे गेलं तर साहेबांना फोन जाईल, हे त्यांनाही ठाऊक होतं. अंगणात दोघांनी मिळून बसवली होती. जोड वर आला, कारण बाबांना रबराचा वरचा-खालचा भाग कळला नाही आणि आईला त्यांना चुकलंत म्हणवलं नाही.

"मी ह्यांना म्हणायचे, त्याला दाखवा गाडी," आई म्हणाली. "त्याला कळतं. तो गाडी बघून सांगेल, कोणाला लागलं की नाही. तर म्हणायचे, तो आधी गाडीभोवती फिरतो, मग आपल्याला विचारतो कसे आहात."

शेवटचा कोपरा चढला. दोरी सगळी बाहेर आली. काचवाल्याने काचेवर दोन थापा मारल्या आणि "बसली!" म्हणाला. मी तसाच उभा होतो, हात काचेवर. मग मी खाली बघितलं, बॉनेटकडे. सकाळपासून टाळलेलं आता बघायला काहीच वेळ लागला नाही. रंग मूळचा, उन्हाने उडालेला. मधोमध गंजाचे जुने ठिपके, बाबांनी गाडी घेतली तेव्हापासूनचे, एकही हललेला नाही. दिव्याच्या कडा जुन्या, वायपरचं बूड जुनं, बिजागरीची धूळसुद्धा बसलेलीच. या गाडीने कोणालाही स्पर्श केलेला नव्हता. मला हे सांगायला एक मिनिट लागलं असतं. माझा बाप महिनोन्‌महिने पहाटे उठून त्या रस्त्यावर चालत होता, परक्यांना विचारत होता आणि ज्याला एका मिनिटात सांगता आलं असतं तो शहराच्या दुसऱ्या टोकाला झोपलेला होता.

मी आईच्या बाजूला आलो. ती अजून आतच बसली होती, दोरी बोटांभोवती गुंडाळत.

"कोणी नव्हतं, आई," मी म्हणालो. "गाडी बघितली मी. कोणीच नव्हतं समोर."

"नक्की?"

"नक्की."

तिने मान वर केली आणि माझा चेहरा बघायला लागली. डोळे, तोंड, परत डोळे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, खरं तर मला तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचं होतं.

"मला बरं वाटावं म्हणून तर म्हणत नाहीस ना?"

"नाही गं."

"ह्यांना पण मी असंच सांगत होते. नाही हो, कोणी नव्हतं. बरं वाटावं म्हणून." ती थांबली. "मला कुठे दिसलं होतं?"

काचवाल्याने चकचकीत पट्टी बसवली, तिचा जोड खाली, आणि पाइप घेऊन आला. "आता परीक्षा! आत बसा दोघं, दारं लावून घ्या." मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. त्याने पाणी सोडलं. पाण्याचा आवाज टपावर, मग काचेवर, आणि समोरचं शेड, भिंतीला लावलेली जुनी काच, तो स्वतः, सगळं विरघळून गेलं. मी आरशाच्या मागे बघितलं, दांडीवर बघितलं, पायाशी हात लावला. सगळं कोरडं ठणठणीत होतं. आई वर बघत नव्हती. ती माझ्याकडेच बघत होती, जशी माणसं आपली गाडी तपासताना सर्व्हेअरच्या तोंडाकडे बघतात तशी.

"आलं का आत?" तिने विचारलं.

"नाही. थेंबसुद्धा नाही."

तिने मान हलवली. मग दोरीची गुंडी बाजूला ठेवून ती माझ्या बाजूला वाकली आणि माझ्या पायाखालच्या चटईवर सगळीकडे हात फिरवून बघायला लागली.